केळीबागेतले सेन्सर आणि इंटरनेट: कमी बोलण्याचं शास्त्र

रावेर-यावल पट्ट्यात मे महिन्यात केळीला पाणी कधी द्यायचं, हे बहुतेक वेळा वीज ठरवते. शेतीच्या फीडरवर थ्री फेज कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस झोपेतून उठून मळ्यात जातो, मोटार चालू करतो आणि वीज आहे तोवर पाणी सोडून घेतो. झाडाला त्या वेळी पाणी हवं होतं का, हे विचारायची सोयच नसते. वरची माती भेगाळलेली दिसते आणि वीतभर खाली चिखल असू शकतो.

म्हणून आता खान्देशातल्या काही शेतांत खांबावर बसवलेले छोटे डबे दिसतात. जमिनीत खुपसलेली एक पट्टी, वर डबा, डब्यावर सौर पाटी आणि बोटभर अँटेना. मोबाइलवर आकडा येतो: ओल इतकी, तापमान इतकं. "भाऊ, ह्या डबाले मन्ही जमीन कसी कयी?" असं अमळनेरकडच्या एका आप्पांनी मला विचारलं होतं, म्हणजे ह्या डब्याला माझी जमीन कशी कळली? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर शोधण्यात जगभरच्या संशोधकांची पंचवीस वर्षं गेली आहेत.

या विषयाला वायरलेस सेन्सर नेटवर्क म्हणतात. पुस्तकात तो फार अवघड वाटतो, पण त्याच्या मुळाशी असलेली एक गोष्ट धरली की बाकीचं आपोआप उलगडत जातं. रानात एकट्या ठेवलेल्या सेन्सरला मोजणं स्वस्त पडतं, मोजलेल्याचा हिशोब करणं त्याहून स्वस्त पडतं, आणि बोलणं अतोनात महाग पडतं. इंटरनेट मात्र भरपूर बोलणाऱ्या यंत्रांसाठी घडवलेलं आहे. या दोघांची सांगड कशी घालायची, एवढाच हा सगळा अभ्यास आहे.

डब्यात असतं काय

अशा एका डब्याला नोड म्हणतात. त्यात चार गोष्टी असतात: मोजणारा सेन्सर, हिशोब करणारी छोटी चिप, बोलण्या-ऐकण्यासाठी रेडिओ आणि बॅटरी. चिप किती छोटी? अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात २००४च्या सुमारास तयार झालेला टेलॉस नावाचा नोड पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला गेला. त्याची कामाची मेमरी १० किलोबाइट होती आणि प्रोग्रॅमसाठी जागा ४८ किलोबाइट. आपण व्हॉट्सॲपवर पाठवतो तो एक साधा फोटोही त्यात मावला नसता.

खरी अडचण विजेची. त्या काळच्या रेडिओ चिपला चालू असताना सुमारे २० मिलीअँपिअर वीज लागायची, आणि नुसतं ऐकत बसायलाही जवळजवळ तितकीच लागायची. हा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. कुणी काही बोलत नसलं तरी कान उघडे ठेवण्याची किंमत चालूच राहते. २,५०० मिलीअँपिअर-तासांचे पेन्सिल सेल घातले आणि रेडिओ सतत चालू ठेवला, तर १२५ तासांत, म्हणजे पाच दिवसांत सेल संपले. तोच रेडिओ शंभरातला फक्त एक भाग वेळ चालू ठेवला, तर ते सेल वर्षाहून जास्त टिकतात. म्हणून हे नोड आयुष्यातला ९९ टक्के वेळ झोपलेले असतात. झोपलेली चिप मायक्रोअँपिअरमध्ये, म्हणजे जवळपास न खाता राहते.

मग सरळ वायर का टाकू नये, असं कुणीही विचारेल. ज्याने कोळपणी करताना किंवा वखर फिरवताना वायर तुटलेली पाहिली आहे, किंवा उंदराने ठिबकची नळी कुरतडलेली पाहिली आहे, त्याला हे उत्तर सांगायची गरज नाही. मोटारीची केबल चोरीला जाते तिथे सेन्सरची वायर किती दिवस टिकेल!

कल्पना कुठून आली

१९९०च्या दशकाच्या शेवटी बर्कलीत क्रिस पिस्टर यांनी 'स्मार्ट डस्ट' नावाचा प्रकल्प मांडला. धुळीच्या कणाएवढा संगणक करायचा, त्यात सेन्सर आणि संपर्काची सोय बसवायची आणि असे शेकडो कण रणांगणावर विखरून टाकायचे. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा, डार्पाचा होता. धुळीएवढं काही झालं नाही, पण त्या ओघात काडेपेटीएवढे नोड तयार झाले आणि त्यांच्यासाठी टायनीओएस ही इवलीशी ऑपरेटिंग सिस्टिमही.

२००२ साली हे नोड पहिल्यांदा खऱ्या अर्थाने रानात गेले. अमेरिकेच्या मेन राज्याजवळ ग्रेट डक नावाचं बेट आहे. तिथे पेट्रेल जातीचे समुद्रपक्षी जमिनीत बिळं करून राहतात. माणूस सारखा डोकावला की पक्षी बीळ सोडून जातात. म्हणून संशोधकांनी बेटावर ३२ नोड ठेवले. त्यांचे आकडे बेटावरच्या एका केंद्रापर्यंत आणि तिथून उपग्रहामार्गे इंटरनेटवर जात. बेटावर पाय न ठेवता बिळातलं तापमान आणि दमटपणा घरबसल्या पाहता आला.

भारतातही याच काळात सुरुवात झाली. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि स्वित्झर्लंडची ईपीएफएल ही तंत्रज्ञान संस्था यांनी कर्नाटकातल्या पावगडा या दुष्काळी तालुक्यात कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी सेन्सरचं जाळं उभारून पाहिलं. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी नाशिकच्या द्राक्षमळ्यात नोड लावले. केरळात मुन्नारजवळ अमृता विद्यापीठाने डोंगर खचण्याची पूर्वसूचना मिळावी म्हणून जमिनीच्या पोटातल्या पाण्याचा दाब मोजणारं जाळं बसवलं.

मला यातला सर्वात मोलाचा प्रयोग मात्र फसलेला वाटतो. नेदरलँड्समध्ये बटाट्याच्या शेतात करप्याचा अंदाज घेण्यासाठी शंभराच्या आसपास नोड लावले होते. हंगाम संपला तेव्हा अपेक्षित मोजमापांपैकी जेमतेम २ टक्के हाती आली. कारणं बहुतेक घरचीच होती: सॉफ्टवेअरमधल्या चुका, चाचणी पुरी न करता केलेले बदल, केंद्रावरचे बिघाड. कून लांगेनडून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे सगळं लपवाछपवी न करता छापलं. प्रयोगशाळेत टेबलावर चालणारं जाळं आणि शेतात चालणारं जाळं यांत किती अंतर असतं, हे त्या एका लेखाने पुढच्या पिढीला शिकवलं. आपल्याकडे कृषी प्रदर्शनात स्टॉलवर चालणारं यंत्र पाहून जो भुलतो, त्याने तर हा प्रयोग जरूर ध्यानात ठेवावा.

मातीचा आकडा

इंटरनेटकडे वळण्याआधी मातीपाशी थोडं थांबू. जाळं कितीही चांगलं असलं तरी मुळात आकडाच चुकला, तर ते चुकीचा आकडा वेगाने पोचवतं, इतकंच.

ओल मोजणारे बहुतेक स्वस्त सेन्सर मातीची वीज साठवण्याची क्षमता मोजतात. ज्या स्थिरांकावर ही क्षमता अवलंबून असते तो पाण्यासाठी सुमारे ८०, मातीच्या कोरड्या खनिजांसाठी ३ ते ५ आणि हवेसाठी १ आहे. फरक इतका मोठा असल्यामुळे मातीत थोडं जरी पाणी वाढलं तरी सेन्सरला लगेच जाणवतं. तत्त्व साधं आहे आणि चांगलं आहे.

पण आपली काळी माती! ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. आकसली की सेन्सरच्या पट्टीपासून सुटते आणि मध्ये बारीक फट पडते. त्या फटीत हवा शिरते, आणि सेन्सर मातीऐवजी हवा मोजू लागतो. मोबाइलवर "जमीन कोरडी" असा निरोप येतो, शेतकरी पाणी सोडतो, आणि मुळं आधीच गुदमरलेली असतात. खारं पाणी, खताचे क्षार आणि तापमान यांनीही आकडा सरकतो. म्हणून कंपनीने दिलेल्या आलेखावर विसंबण्यापेक्षा आपल्याच शेतातली माती घ्यावी, ओली असताना आणि भट्टीत वाळवल्यावर तिचं वजन करावं आणि सेन्सरचा आकडा त्याच्याशी जुळवून पाहावा. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट, टक्क्यांत दिलेली ओल झाडाची तहान सांगत नाही. भारी काळ्या मातीत २५ टक्के ओल असूनही झाड तहानलेलं असू शकतं, कारण चिकण माती ते पाणी सोडत नाही. तापीकाठच्या वाळूमिश्रित पोयट्यात १५ टक्क्यांवर तेच झाड सुखात राहतं. मुळाला पाणी ओढायला किती जोर लावावा लागतो, हे मोजणारं टेन्शिओमीटर नावाचं साधन असतं. त्याचा आकडा किलोपास्कलमध्ये येतो. जमिनीचा पोत पट्ट्यापट्ट्याने बदलणाऱ्या शेतात मला ते जास्त भरवशाचं वाटतं.

इंटरनेटशी जोडायचं की दुभाषा ठेवायचा

आता मूळ विषय. सुरुवातीच्या संशोधकांचा एक मोठा गट म्हणत होता की सेन्सरच्या जाळ्याला इंटरनेटची पद्धत लागूच पडत नाही. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता असतो आणि आपण पत्त्यावर निरोप पाठवतो. शेतात मला सतरा नंबरच्या नोडशी बोलायचं नसतं. "ओल कमी झालेला कोपरा कोणता" एवढंच विचारायचं असतं. १९९९ मध्ये डेबोरा एस्ट्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार मांडला आणि तो चुकीचा नव्हता. त्यातून अनेक खास पद्धती जन्मल्या. प्रत्येक जाळ्याची भाषा वेगळी, आणि बाहेरच्या जगाशी बोलायला मध्ये एक गेटवे. म्हणजे मोटारीच्या खोलीत ठेवलेला एक मोठा डबा. तो शेतातल्या नोडांची भाषा ऐकतो, भाषांतर करून इंटरनेटच्या भाषेत मांडतो.

या दुभाष्या गेटवेची खोड अशी, की सगळं त्याच्यावर अडकतं. नवा सेन्सर आणला तर गेटवेला त्याची भाषा शिकवावी लागते. ती शिकवणारी कंपनी बंद पडली की शेतातले सगळे डबे मुके होतात. आपल्याकडे असे मुके डबे खांबावर लटकलेले मी पाहिले आहेत.

दुसऱ्या बाजूने स्वीडनमधल्या ॲडम डंकेल्स यांनी २००१ च्या सुमारास एक वेगळंच काम केलं. इंटरनेटची टीसीपी-आयपी ही भाषा छोट्या चिपला पेलणार नाही असं सगळे म्हणत असताना त्यांनी ती काही किलोबाइटच्या प्रोग्रॅममध्ये आणि काहीशे बाइटच्या मेमरीत बसवून दाखवली. पुढे त्यांचीच कॉन्टिकी ही ऑपरेटिंग सिस्टिम आली. आणि २००८ मध्ये जोनाथन हुई आणि डेव्हिड कलर यांनी प्रत्यक्ष मोजून दाखवलं की नोडांना थेट इंटरनेटचा पत्ता दिला तरी वीज आणि भरवसा या दोन्ही बाबतींत ते खास पद्धतींपेक्षा मागे राहत नाहीत. कलर स्वतः टायनीओएसच्या जनकांपैकी एक. ज्या घरातून आधी खास पद्धती निघाल्या त्याच घरातून हा निकाल आला, म्हणून त्याचं वजन मोठं होतं.

थेट पत्ता दिला की मधला डबा दुभाषा राहत नाही. पाकीट इकडून घ्यायचं, तिकडे द्यायचं, आत काय लिहिलंय ते वाचायची त्याला गरज पडत नाही. घरातला वायफाय राउटर हेच करतो. तो बिघडला तर दुसऱ्या कंपनीचा आणून लावता येतो.

पत्ते पुरतील का? इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी होते, माणशी एकही नाही. नव्या आयपीव्ही६ पद्धतीत ३४ वर ३७ शून्यं इतके पत्ते आहेत. तेव्हा संख्येची चिंता मिटली, पण पत्त्याची लांबी वाढली. आणि खरा पेच तिथेच सुरू झाला.

१२७ बाइटच्या पाकिटात

शेतातल्या छोट्या रेडिओंसाठी २००३ मध्ये आयट्रिपलई ८०२.१५.४ नावाचं मानक ठरलं. त्यात एका वेळी जास्तीत जास्त १२७ बाइटचं पाकीट पाठवता येतं. बाइट म्हणजे ढोबळमानाने एक इंग्रजी अक्षर. या १२७ मधले २५ पर्यंत रेडिओच्या स्वतःच्या नोंदींना जातात. उरले १०२. कुलूपबंद संदेश हवा तर आणखी २१ पर्यंत जातात. उरले ८१. आता आयपीव्ही६चा मथळा, ज्यात पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता असतो, तो ४० बाइटचा. उरले ४१. त्यावर यूडीपीचे, म्हणजे निरोप कोणत्या प्रोग्रॅमसाठी आहे हे सांगणाऱ्या नोंदीचे, ८. उरले ३३. म्हणजे ओलीचा दोन बाइटचा आकडा पाठवायला बहुतेक पाकीट पत्ते आणि नोंदींनीच भरलं, आणि प्रत्येक बाइट पाठवायला बॅटरी जळाली.

शिवाय आयपीव्ही६चा नियम असा की ज्या मार्गावरून ते जाईल त्याने किमान १,२८० बाइटचं पाकीट पेललं पाहिजे. इथे तर १२७ ची मर्यादा.

यावर २००७ मध्ये सिक्स-लो-पॅन नावाचा तोडगा अधिकृतपणे आला आणि २०११ मध्ये तो सुधारला गेला. कल्पना अशी, की जे दोघांनाही ठाऊक आहे ते लिहायचंच नाही. गावातल्या गावात निरोप धाडताना कुणी तालुका, जिल्हा, पिनकोड सांगत नाही. "वरच्या गल्लीतल्या आप्पांना सांग" एवढं पुरतं, आणि निरोप गावाबाहेर जायचा असला तर पूर्ण पत्ता पोस्टात लिहिला जातो. मथळ्यात "आवृत्ती ६" लिहिलेलं असतं, पण इथे दुसरी आवृत्ती येणारच नसते, म्हणून ते गाळायचं. लांबी पाकिटावरूनच कळते, म्हणून तीही गाळायची. शेतातल्या सगळ्या नोडांच्या पत्त्याचा पहिला अर्धा भाग एकच असतो, म्हणून तो गाळायचा. दुसरा अर्धा भाग रेडिओच्या स्वतःच्या क्रमांकावरून काढता येतो, म्हणून तोही. शेजाऱ्याशी बोलताना ४० बाइटचा मथळा असा २ बाइटवर येतो. मध्ये एक-दोन नोड ओलांडून जायचं असेल तर ७ च्या आसपास. शेताच्या हद्दीवरचा राउटर गाळलेलं सगळं पुन्हा भरतो आणि पाकीट बाहेरच्या इंटरनेटवर सोडतो. मोठं पाकीट आलं तर ते तुकड्यांत पाठवायचीही सोय आहे, पण एक तुकडा हरवला की सगळंच पुन्हा पाठवावं लागतं. म्हणून शहाणा माणूस छोटाच संदेश पाठवतो.

वेबची नेहमीची भाषा, एचटीटीपी, अशा ठिकाणी फार बोलघेवडी ठरते. तिच्याऐवजी २०१४ मध्ये कोॲप हे मानक आलं. त्याचा मूळ मथळा अवघा ४ बाइटचा. "ओल किती" विचारता येतं आणि "बदल झाला तरच सांग" असंही बजावता येतं. आज बाजारात ज्याचा जास्त बोलबाला आहे ते एमक्यूटीटी त्याहून जुनं, १९९९ चं. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ते उपग्रहाच्या महागड्या दुव्यावरून तेलाच्या पाइपलाइनींवर लक्ष ठेवण्यासाठी केलं होतं. पाइपलाइनीसाठी केलेली काटकसर शेतात कामाला आली.

केळी वाढली की जाळं तुटतं

मृगबाग जून-जुलैत लागते. त्या वेळी बसवलेल्या नोडांमध्ये काहीच आड येत नाही, निरोप झटक्यात पोचतात. डिसेंबरपर्यंत बाग डोक्याच्या वर जाते, पाच-सहा फुटांवर एकेक झाड, आणि प्रत्येक पान पाण्याने भरलेलं. हे छोटे रेडिओ ज्यांवर बोलतात त्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. जुलैत भक्कम असलेला दुवा डिसेंबरात अधूनमधून लागतो. मग एखाद्या वादळात झाडं आडवी होतात, आणि तोच दुवा पुन्हा सुधारतो. बटाट्याच्या त्याच डच प्रयोगात तर हवा दमट असताना, रात्री आणि पावसात, लहरी जास्त चांगल्या पोचताना दिसल्या. रेडिओच्या बाबतीत अंदाजावर काहीही ठेवू नये, शेतात जाऊन मोजावं.

२००३ च्या सुमारास संशोधकांनी खूप मोजमापं करून दाखवलं की दुवे "आहे" किंवा "नाही" असे दोनच नसतात. मधला मोठा पट्टा कुरबुरीचा असतो: दहातले सहा निरोप पोचतात, चार हरवतात. कधी अ ला ब चं ऐकू येतं, पण ब ला अ चं येत नाही. म्हणून वाट ठरवताना अंतर मोजून चालत नाही. एक निरोप पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावा लागतो, ते मोजतात. कच्च्या दुव्याची जवळची वाट सोडून पक्क्या दुव्यांची लांबची वाट धरणं विजेच्या हिशोबात स्वस्त पडतं.

यासाठी २०१२ मध्ये आरपीएल ही पद्धत मान्य झाली. प्रत्येक नोड शेजाऱ्यांकडून ऐकून स्वतःचा दर्जा ठरवतो, म्हणजे मुख्य राउटरपासून आपण किती "महाग" अंतरावर आहोत, आणि त्यातल्या त्यात स्वस्त शेजारी निवडून त्याच्याकडे निरोप देतो. शेजारी मेला तर दुसरा धरतो. पण वाटा ताज्या ठेवायच्या तर नोडांनी आपला दर्जा एकमेकांना सारखा सांगत राहायला हवा, आणि बोलणं तर महाग! इथे ट्रिकल नावाची एक अतिशय देखणी युक्ती आहे. फिलिप लेविस आणि सहकाऱ्यांनी ती २००४ मध्ये मांडली. नियम असा: आपल्याला जे सांगायचंय तेच शेजारी आधीच सांगून गेला, तर गप्प बसायचं. आणि सगळं सुरळीत असेल तर दोन बोलण्यांमधलं अंतर दरवेळी दुप्पट करत जायचं. काही बिघडलं, नवं कळलं, की अंतर एकदम कमी करायचं आणि बातमी भराभर पसरवायची. शांत दिवसांत जाळं जवळजवळ मुकं राहतं, आणि खांब पडला की काही सेकंदांत जागं होतं. या सगळ्या विषयातली माझी सर्वात आवडती कल्पना हीच.

दोघेही झोपलेले, मग निरोप कुणी घ्यायचा

९९ टक्के वेळ झोपणाऱ्या दोन नोडांची गाठ कशी पडावी? एक उपाय असा, की घेणारा ठरावीक वेळाने क्षणभर कान उघडतो आणि पाठवणारा तोवर पुन्हा पुन्हा हाका मारतो. यात पाठवणाऱ्याची वीज जाते. दुसरा उपाय वेळापत्रकाचा: सगळ्यांची घड्याळं जुळवायची आणि १० मिलीसेकंदांच्या खान्यांत कोण कधी बोलणार, कोण ऐकणार हे आधीच ठरवायचं. दर वेळी रेडिओची वाहिनीही बदलायची, म्हणजे एका वाहिनीवर अडथळा आला तरी पुढची वेळ साधते. २०१२ मध्ये ही पद्धत मानकात आली आणि तिने विजेची बचत खूप वाढवली.

पण घड्याळं जुळली पाहिजेत, आणि खान्देशात इथे एक जास्तीचा घोळ आहे. नोडाचं घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं. तो २५ अंशांच्या आसपास नेमका असतो; त्याहून तापला तरी मागे पडतो, गार झाला तरी मागे पडतो. भुसावळला मे महिन्यात सावलीतच पारा ४५ पर्यंत जातो. उन्हातला बंद डबा आतून ६० अंशांपर्यंत तापला, तर हा स्फटिक दहा लाखांत सुमारे ४० ने मागे पडतो, म्हणजे दिवसाला साडेतीन सेकंदांच्या वेगाने. दहा मिलीसेकंदांच्या खान्यांसाठी हे फार झालं. दोन नोड सारखेच तापले तर निभावतं, पण एक केळीच्या सावलीत आणि दुसरा बांधावर उन्हात असेल तर त्यांना घड्याळ वारंवार जुळवावं लागतं, आणि जुळवणं म्हणजे पुन्हा बोलणं. डबा पांढरा असावा, हवा खेळेल अशी छत्री त्यावर असावी, हे इतक्या साध्या कारणासाठी. शिवाय साधी लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं तिचे उत्पादक सांगतात. ऊन भरपूर असतं त्याच वेळी सौर पाटीची वीज बॅटरीत भरता येत नाही, हा आपल्याकडचा खास पेच आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी उन्हाला जास्त दाद देत नाही, म्हणून ती बरी.

गेल्या दशकात लोरा नावाचा दुसरा मार्ग आला. फ्रान्समधल्या एका छोट्या कंपनीत ते तंत्र जन्मलं आणि २०१५ पासून त्याचं जाळ्याचं मानक आहे. भारतात ते ८६५ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालतं. मोकळ्या रानात काही किलोमीटरपर्यंत थेट पोच, त्यामुळे नोडांनी एकमेकांचे निरोप वाहायची गरजच नाही. कमी वारंवारता असल्याने पानांचा अडथळाही कमी. किंमत वेगात मोजावी लागते. सर्वात लांब पल्ल्याच्या सेटिंगला एका निरोपात ५१ बाइटच मावतात आणि तेवढ्यासाठी रेडिओला सेकंदाहून जास्त वेळ बोलावं लागतं. इतक्या चिंचोळ्या वाटेवरून आयपीव्ही६ न्यायला २०२० मध्ये मथळा आणखी आवळण्याची पद्धत ठरली. माझं मत विचाराल तर खान्देशातल्या विखुरलेल्या वावरांना लोरा जास्त सोयीचं आहे, आणि एकाच मोठ्या बागेत दाट मोजायचं असेल तर छोट्या रेडिओंचं जाळं.

कुलूप, विमा आणि व्हॉल्व्ह

इंटरनेटशी जोडलं म्हणजे जगातला कुणीही दार ठोठावू शकतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. शेतातल्या सेन्सरला कुणी काय करणार, असं वाटतं. पण सेन्सरच्या आकड्यावर मोटार चालत असेल तर आकडा बदलणारा तुमची विहीर उपसू शकतो. गुप्तलेखनाचं गणित छोट्या रेडिओ चिपमध्येच बसवलेलं असतं, ते स्वस्त आहे. किल्ल्या कुणाकडे आणि कशा पोचवायच्या, हे अवघड आहे. सुरुवातीची ओळखपरेड पुष्कळ पाकिटांची असते, आणि प्रत्येक पाकीट बॅटरी खातं.

आकड्याला पैशाची किंमत कशी येते, हे केळीवाल्यांना वेगळं सांगायला नको. हवामानावर आधारित फळपीक विम्यात थंडीचा चरका किंवा उन्हाचा तडाखा बसला, हे महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतं. ठरलेल्या मर्यादेखाली पारा सलग ठरलेले दिवस गेला तर भरपाई. आपली बाग नाल्याकाठच्या खोलगट भागात असेल तर थंडी तिथे जास्त साठते, आणि केंद्र उंचावर असेल तर त्याला ती दिसतच नाही. गावोगावी दाट आणि तपासलेले सेन्सर असतील तर हा फरक कागदावर आणता येईल. त्यासाठी सेन्सर नियमित पारखलेले हवेत, त्यांची नोंद कुणाला मागून बदलता येऊ नये, आणि ती शेतकऱ्याला पाहता यावी. आज अनेक उपकरणांत आपल्याच शेताचा जुना आकडा पाहायला वर्षाची फी भरावी लागते. हे मला अन्यायाचं वाटतं.

राहिला पाणी सोडणाऱ्या-बंद करणाऱ्या व्हॉल्व्हचा प्रश्न. सेन्सरचा आकडा दूरच्या सर्व्हरवर जाणार, तिथे निर्णय होणार आणि निर्णय परत शेतात येणार, अशी रचना पुष्कळ कंपन्या विकतात. मोबाइलची रेंज गेली की तिथे सगळं थांबतं. हिशोब स्वस्त आणि बोलणं महाग असताना "ओल इतकी झाली की बंद कर" हा नियम बांधावरच्या डब्यातच ठेवता येतो. इंटरनेटवर फक्त काय घडलं ते कळवलं तरी पुरतं. म्हणून विकत घेताना विक्रेत्याला समोर उभं करून विचारा: गेटवेची वायर काढली तर पुढचे दोन दिवस काय होईल? व्हॉल्व्ह उघडा असताना संपर्क तुटला तर तो उघडाच राहील की आपणहून बंद होईल? मधल्या दोन दिवसांचे आकडे डब्यात साठतील की जातील? आणि त्याने तोंडी उत्तर दिलं, तर तिथल्या तिथे वायर काढून दाखवायला सांगा.